फाइलवर नुसतं ‘वजन घटलं’ लिहून पाठवू नका
(नर्सिंग होम आणि छोट्या हॉस्पिटलांच्या टीपीए डेस्कसाठी. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणारी संस्था)

मेडिक्लेमच्या फाइलींचं कोडिंग, म्हणजे निदानाला ठरलेला कोड लावणं, आम्ही मिरजेतून करतो. आठवड्यातून चार-पाच फोन तरी याच प्रश्नाचे असतात : “पेशंट पार खंगलाय, डॉक्टरांनी कॅकेक्सिया लिहिलंय. आर ६४ टाकू ना?” (कॅकेक्सिया म्हणजे आजारानं शरीर झिजणं, आर ६४ हा त्याचा कोड.) आम्ही फोनवर सांगतो, मग डेस्कवरचं माणूस बदलतं आणि नव्या माणसाचा तोच फोन येतो. म्हणून हे पत्रक. टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवा.

आर ६४ टाकायला हरकत नाही. फक्त रोग सापडलेला असताना तो पहिल्या रकान्यात टाकू नका.

आयसीडी-१० म्हणजे आजारांच्या कोडांची यादी. तिच्यातलं ‘आर’चं अख्खं प्रकरण लक्षणांचं आहे. आर ६३.४ म्हणजे वजन घटणं, आर ६४ म्हणजे कॅकेक्सिया. क्लेम फॉर्मच्या ‘बी’ भागात प्रायमरी डायग्नोसिस म्हणून यांपैकी एक दिसला, की टीपीएचा डॉक्टर पहिलं विचारतो, “कशामुळे?” उत्तर नसेल तर त्याला एक्सल ०४ हे कलम आठवतं. नुसत्या तपासण्यांसाठी केलेली ॲडमिशन पॉलिसीत बसत नाही, असं ते कलम म्हणतं. म्हणजे खरा आजार, खरे उपचार, आणि कागदावर मात्र ‘वजन का घटलं ते बघायला ठेवलं होतं’.

गेल्या पावसाळ्यातली एक फाइल सांगतो. पेशंट बावन्न वर्षांचा, अकरा दिवस ॲडमिट. डिस्चार्ज समरीच्या डोक्यावर लिहिलेलं, ‘वजनात तीव्र घट, कॅकेक्सिया, तपासणीसाठी दाखल’. ही ओळ पहिल्या दिवशीची. आत नवव्या पानाला थुंकीचा रिपोर्ट स्टेपल केलेला, टीबी पॉझिटिव्ह. औषधांच्या चार्टवर चौथ्या दिवसापासून टीबीच्या गोळ्या सुरू. एवढं सगळं असून वरची ओळ बदलायची राहिली, आणि डेस्कनं तीच वाचून आर ६४ टाकून थेट पाठवलं. टीपीएची क्वेरी, म्हणजे खुलाशाची मागणी, आली आणि डिस्चार्ज अडकला. नातेवाईक पिशव्या भरून संध्याकाळपर्यंत बाकावर बसले आणि रात्री पुन्हा वॉर्डात गेले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एकच ओळ लिहून दिली : ‘थुंकी-तपासणीत सिद्ध झालेला फुप्फुसाचा क्षय, त्यामुळे कॅकेक्सिया.’ वर ए १५.०, खाली आर ६४. दुपारी मंजुरी आली.

आपल्याकडे घरातली म्हातारी माणसं ‘क्षयानं खंगला’ म्हणतात. आधी कारण, मग खंगणं. समरीत याहून वेगळं काही लागत नाही, तो ‘मुळे’ तेवढा हवा.

यावर एका डॉक्टरांनी आम्हाला सुनावलं होतं, “रिपोर्ट फाइलीत होता, तुम्हीच ए १५ टाकायचा!” नाही टाकणार, साहेब. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला कोड लावणं हे आमचं काम. रिपोर्ट वाचून निदान करणं तुमचं. समरीवर सही तुमची असते आणि ऑडिटला उत्तरही तुम्हालाच द्यावं लागतं. म्हणून आम्ही व्हॉट्सॲपवर ‘कशामुळे?’ एवढंच विचारतो. कटकट वाटते, मान्य. पण टीपीएनं तोच प्रश्न विचारला की दिवस जातो. आम्ही विचारलं तर तुम्हाला दोन मिनिटांत उत्तर देता येतं.

कारण खरंच सापडलं नसेल तर मात्र आर ६४ वरच ठेवा आणि कुठल्या तपासण्या झाल्या, काय उपचार दिले ते लिहा. नसलेलं निदान क्लेमसाठी चिकटवू नका. तशी फाइल आम्ही घेत नाही.

आता वजन. ‘बरंच कमी झालं’ याला अर्थ नाही. ‘पाच महिन्यांत ५८ वरून ४६ किलो’ याला आहे, ती घट वीस टक्क्यांहून जास्त होते. कर्करोगाच्या कॅकेक्सियाची २०११ सालची जी व्याख्या तज्ज्ञ मानतात, तिच्यात सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त घट हा एक निकष आहे. एचआयव्हीत दहा टक्क्यांहून जास्त घट धरतात, सोबत महिनाभराहून जास्त जुलाब किंवा ताप-अशक्तपणा. ट्रॉलीवरून आलेल्या पेशंटचं वजन हमखास राहतं आणि रकान्यात ‘एनए’ पडतं. उभा राहील त्या दिवशी घ्या, तारीख घाला. पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर तेही लिहा, नाहीतर काटा फसवतो. जुनं वजन नातेवाइकांच्या कॅरीबॅगमध्ये असतं, जुन्या ओपीडी कार्डावर. मागून तर बघा.

आणखी एक, गूगलवरून कोड उचलू नका. वर येतात ते बहुधा अमेरिकेच्या सुधारित यादीतले, आणि आपण वापरतो ती जागतिक आरोग्य संघटनेची यादी. ई ८८.ए हा मूळ आजारामुळे होणाऱ्या कॅकेक्सियाचा कोड तिकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून आला, आपल्या यादीत तो नाहीच. आर ६३.६ तर गमतीचा आहे. तिकडे त्याचा अर्थ ‘कमी वजन’, इकडे ‘स्वतःकडे दुर्लक्ष केल्यामुळे अन्नपाणी अपुरं’. एका बारीक अंगाच्या आजोबांच्या फाइलीवर तो पडला होता. मुलगा वाचून भडकला असता.

आपल्या यादीत आर ६४ च्या खालीच सूचना छापलेली आहे : एचआयव्हीमुळे खंगला असेल तर बी २२.२, कर्करोगामुळे असेल तर सी ८०, कुपोषणाचा मॅरास्मस (पुरेसं अन्न न मिळाल्यानं सुकणं) असेल तर ई ४१. यातला सी ८० जपून. तो अवयव कळलेला नसतानाचा कोड आहे. बायोप्सीत अन्ननलिकेचा कर्करोग आला असेल तर सी १५ लिहा. दोन्ही एका फाइलीत दिसले की क्वेरी ठरलेली. मधुमेही पेशंट वाळला म्हणून ई १२ ही टाकू नका, तो कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाचा वेगळा कोड आहे. ई ४३ म्हणजे तीव्र कुपोषण. डॉक्टरांनी तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच.

समरीच्या शेवटी चिकटवायची एक अर्ध्या पानाची चिठ्ठी आम्ही छापली आहे. आत्ताचं वजन, आधीचं वजन, तारखा आणि ‘…मुळे’ची मोकळी जागा. आमच्या ग्राहकांना फुकट, इतरांनाही मागितली तर देतो. डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी सातपर्यंत समरीचा फोटो पाठवलात तर रात्रीच तपासून ठेवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. क्वेरी आल्यावर फाइल आणलीत तर मात्र आकार लागतो, कारण तेव्हा सगळी पानं पहिल्यापासून वाचावी लागतात. रविवारी ऑफिस बंद, फोन चालू. दुपारी एक ते दोन जेवतो, तेवढं सांभाळून घ्या.