ईस्टरपूर्व आत्मपरीक्षण

पुनरुत्थान सणापूर्वीच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात ख्रिस्ती व्यक्ती आपले वागणे, बोलणे, मनातले हेतू आणि टाळलेली कर्तव्ये यांची देवासमोर जी झडती घेते, तिला आत्मपरीक्षण म्हणतात. राखेच्या बुधवारी सुरू होणारा हा काळ रविवार वगळता ४० दिवसांचा असतो. या साधनेचा पाया बायबलमध्ये आहे. १३९ व्या स्तोत्राचा कर्ता आपले अंतःकरण तपासण्याची विनंती देवालाच करतो, तर प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीला, बसण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, असे प्रेषित पौल करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांना पत्रातून बजावतो. माणूस स्वतःच्या बाबतीत सहज पक्षपाती होतो. म्हणून ही तपासणी एकट्याने केलेले चिंतन न राहता प्रार्थना व्हावी लागते.

प्रारंभीच्या ख्रिस्ती मंडळीत हा काळ ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या अखेरच्या तयारीचा होता. पुढे १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या धर्मपरिषदेने, वर्षातून किमान एकदा पापनिवेदन (धर्मगुरूंजवळ पापांची कबुली) करणे आणि ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद (प्रभुभोजनातील प्रसाद) घेणे बंधनकारक केले. येशूसंघाचे (जेज्विट) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या साधनाग्रंथात परीक्षणाच्या पाच पायऱ्या दिल्या: देवाचे आभार मानणे, आपली पापे ओळखण्यासाठी कृपा मागणे, दिवसाचा तासातासाने आढावा घेणे, क्षमा मागणे आणि सुधारण्याचा निश्चय करणे. त्यांनी आभाराला दिलेले पहिले स्थान फार महत्त्वाचे आहे, कारण आपल्याला काय मिळाले हे ज्याने पाहिलेच नाही, त्याला आपण काय नाकारले हेही दिसत नाही.

मुंबईतील कॅथलिक चर्चमध्ये या दिवसांत शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासातील टप्प्यांवर चिंतन करण्याची, भक्ती होते आणि ईस्टर जवळ आला की पापनिवेदनासाठी रांगा लागतात. मांसाहार सोडणे, मद्य वर्ज्य करणे हे नियम घरोघरी निष्ठेने पाळले जातात. परंतु बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५८ व्या अध्यायात उपवासाच्या दिवशीही मजुरांना राबवून घेणाऱ्यांची कानउघाडणी आहे, आणि प्रामाणिक परीक्षणाची खरी कसोटी तिथेच लागते. ‘मी रागावलो, मी खोटे बोललो’ एवढ्याने काहीच उघड होत नाही. घरकाम करणाऱ्या बाईने आजारपणात दोन दिवस खाडा केला म्हणून तिचा पगार कापला, आणि त्याच आठवड्यात दानपेटीत पैसे टाकून समाधान मानले, असे प्रसंगासह आठवावे लागते. गावठाणातील वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून अबोला धरलेले दोन भाऊ एकाच मिस्सेला (चर्चमधील मुख्य उपासनेला) वेगवेगळ्या बाकांवर बसत असतील, तर त्यांच्या परीक्षणाची सुरुवात त्या बाकापासून व्हायला हवी.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत विश्वासणारे थेट देवाजवळ पापकबुली करतात. उपासनेत सामुदायिक कबुलीची प्रार्थना असते, आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या क्रूसावरील सात उद्गारांवरील प्रवचने ऐकताना प्रत्येक उद्गार स्वतःला लावून पाहिला जातो. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ हा पहिला उद्गार ऐकताना आपण कोणाला अजून क्षमा केलेली नाही, हा प्रश्न टाळता येत नाही.

या साधनेत एक धोकाही आहे. काही भाविक क्षमा मिळालेली पापेच पुन्हा पुन्हा उकरतात, क्षुल्लक चुकांनाही महापाप मानतात आणि कितीही वेळा कबुली दिली तरी अस्वस्थच राहतात. अशांनी एकाच अनुभवी धर्मगुरूंचा किंवा पाळकांचा सल्ला घ्यावा आणि तो मानावा, असा जुना व शहाणपणाचा प्रघात आहे. पश्चात्ताप देवाकडे वळवतो, तर ही भीती माणसाला स्वतःतच गुंतवून ठेवते.

क्षमा मिळाली तरी केलेल्या नुकसानीची भरपाई करण्याचे कर्तव्य उरते, अशी कॅथलिक शिकवण आहे. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय हा जकातदार फसवून घेतलेले चौपट परत देण्याचे वचन देतो. कापलेला पगार त्याच दिवशी देता येतो. घराच्या वाटणीचा तंटा ४० दिवसांत मिटेलच असे नाही, पण भावाच्या दारी जाऊन पहिला शब्द बोलण्यासाठी ईस्टरपर्यंत थांबण्याचे कारण नसते.