उंदराच्या वड्या आणि कुत्र्याचे फसवे चार दिवस

खानदेशात दादर म्हणजे रब्बी ज्वारी घरात येऊन पडली की कोठीच्या आडोशाला उंदीर मारायच्या विषारी वड्या ठेवल्या जातात आणि कधीतरी त्या राखणीचा कुत्राच फस्त करतो. दोन-तीन दिवस तो नेहमीसारखा भाकरी खातो, भुंकतो, म्हणून ‘त्याले काही व्हयनं नही’ असे घरचे ठरवून टाकतात. घात होतो तो इथेच.

या वड्यांत बहुधा ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोन हे रक्त गोठू न देणारे विष असते. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी २, ७, ९ आणि १० या क्रमांकांची प्रथिने यकृतात तयार होतात. मात्र के जीवनसत्त्वाच्या मदतीने त्यांच्यावर शेवटचा संस्कार झाल्याशिवाय ती कॅल्शियमला धरू शकत नाहीत आणि निरुपयोगी राहतात. या कामात के जीवनसत्त्व दर वेळी ‘वापरलेल्या’ रूपात जाते आणि एक विकर (एन्झाइम) त्याला पुन्हा कामाजोगे करते. शरीरात त्याचा साठा अगदी थोडा असल्याने सारा कारभार या फेरवापरावरच चालतो. ब्रोमॅडिओलोन नेमके हे विकर बंद पाडते. रक्तात आधीच फिरत असलेली प्रथिने मात्र शाबूत असतात. ती संपेपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छातीत किंवा पोटात रक्तस्राव सुरू होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, धाप लागते. मधल्या काळात भगताने मंतरलेले पाणी पाजले असेल, तर कुत्रा धडधाकट दिसल्याचे श्रेय त्याला मिळते. खरे श्रेय त्या शिल्लक प्रथिनांचे असते.

म्हणून लक्षणांची वाट न पाहता, वेष्टन सोबत घेऊन, लगेच पशुवैद्यकाकडे जावे. पहिल्या काही तासांत ते इंजेक्शनने उलटी करवू शकतात. घरी मिठाचे पाणी पाजल्यास रक्तातील सोडियम वाढून वेगळेच संकट उभे राहते. पुढे ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठण्याची तपासणी होते आणि गरजेप्रमाणे के-१ जीवनसत्त्व सुमारे चार आठवडे, स्निग्ध अन्नाबरोबर, द्यावे लागते. के-३ इथे उपयोगी पडत नाही.

शेतात वापरतात ती काळसर झिंक फॉस्फाइडची पूड पोटात गेली असेल, तर मात्र दूध-भाकरी अजिबात देऊ नये. अन्नामुळे पोटात आम्ल वाढते आणि त्या आम्लामुळे झिंक फॉस्फाइडमधून विषारी फॉस्फीन वायू सुटतो. असा कुत्रा गाडीत उलटी करू लागला, तर तो वायू माणसांनाही बाधतो, म्हणून दवाखान्यापर्यंत गाडीच्या काचा उघड्या ठेवाव्यात.