‘ड्रायव्हरचे तास संपतायत’ : युरोपातील बस-सुरक्षेच्या नियमांची पार्श्वभूमी

युरोपच्या ग्रुप टूरवर गेलेल्या बहुतेकांनी टूर मॅनेजरची ‘ड्रायव्हरचे तास संपतायत’ ही घाई ऐकलेली असते. फोटो काढत रेंगाळणाऱ्यांना तो बहाणा वाटतो, पण त्यामागे पन्नासहून अधिक वर्षांचा कायदा आहे.

युरोपीय आर्थिक समुदायाने (आजच्या युरोपीय संघाचा पूर्वावतार) 1969 मध्ये ट्रक आणि बसचालकांच्या तासांवर पहिली मर्यादा घातली. त्यात रस्तासुरक्षेबरोबरच, चालकाला जास्त राबवून कोणा देशाच्या वाहतूकदाराने भाडं पाडू नये, हाही हिशेब होता. समुदायाबाहेरच्या देशांसाठी 1970 मध्ये जिनिव्हात स्वतंत्र करार झाला. पाठोपाठ तास नोंदवणारा टॅकोग्राफ सक्तीचा झाला. ब्रिटिश चालकांनी त्याला ‘केबिनमधला हेर’ म्हणून हिणवलं. ब्रिटनने सक्ती टाळली, तेव्हा 1979 मध्ये युरोपीय न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला.

आजची चौकट अशी : साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं विश्रांती, दिवसाला 9 तास (आठवड्यातून दोनदा 10), दोन आठवड्यांत मिळून 90.

खरा वाद साप्ताहिक सुट्टीचा. परदेशी सहलीवरच्या बसचालकाला ती बारा दिवसांपर्यंत पुढे ढकलता येत असे. 2007 मध्ये ही सवलत गेली आणि लांबच्या सहलीला मध्येच दुसरा चालक आणण्याची पाळी आली. सहल कंपन्या कुरकुरल्या. 2010 मध्ये सवलत परतली, पण अटींसह : सहल एकच हवी, किमान 24 तास परदेशात हवी, नंतर साचलेली विश्रांती द्यायची. 2024 मध्ये ती देशांतर्गत सहलींनाही लागू झाली. चालक संघटनांचा याला विरोध होता, आणि मला तो रास्त वाटतो. अकराव्या दिवशीच्या चालकाची झोप पुरी झाली की नाही, हे टॅकोग्राफ सांगत नाही.

गाडीच्या सांगाड्याकडे लक्ष जायला मात्र उशीर झाला. बस 800 मिलिमीटर उंचीच्या फळीवरून कलंडवून छत प्रवाशांवर चेपतं का हे पाहणारी चाचणी संयुक्त राष्ट्रांच्या नियमांत आली ती ऐंशीच्या दशकात. बसमध्ये सीटबेल्टचा पट्टा असेल तर तो बांधण्याची सक्ती युरोपभर व्हायला 2006 उजाडलं.

काही नियम थेट अपघातातून आले. 31 जुलै 1982 ला मध्यरात्रीनंतर फ्रान्समध्ये बोनजवळ महामार्गावर बस आणि मोटारी एकमेकांवर आदळून पेटल्या. 53 जण गेले, बहुतेक सुट्टीच्या शिबिराला निघालेली मुलं. तेव्हापासून उन्हाळी सुट्टीच्या ऐन गर्दीच्या दिवशी मुलांच्या बसना लांबच्या प्रवासाला तिथे मनाई असते. मार्च 2012 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिएर बोगद्यात बेल्जियमची बस आपत्कालीन थांब्याच्या काटकोनातल्या भिंतीवर धडकली. 28 मृत्यू, त्यांत 22 मुलं. इथे प्रश्न चालकाच्या तासांचा किंवा पट्ट्याचा नव्हता. चर्चा वळली ती बोगद्यातल्या भिंतींच्या रचनेकडे.