‘इमर्ज’ : पाण्यातून वर आलेला शब्द

नागपुरात ‘इमर्जन्सी’ कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मेडिकल असो की मेयो, रात्री-अपरात्री पेशंट घेऊन धावणाऱ्याच्या तोंडी हाच शब्द असतो. ‘इमर्जिंग’ त्यामानाने नवखा. तो म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत दिसतो, क्रिकेटच्या पानावर दिसतो. दोन्ही ‘इमर्ज’चीच लेकरं, पण एक काळजात धडकी भरवतं आणि दुसरं पैसे गुंतवायला लावतं.

मूळ लॅटिन क्रियापद ‘मेर्गेरे’, म्हणजे बुडवणे. त्याच्या आधी ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग लागला आणि बुडालेलं वर येण्यासाठी शब्द मिळाला. ‘सबमर्ज’ त्याच घरातला. ‘इमर्शन’ही त्यातलाच, गणपती विसर्जनाच्या बातमीत इंग्रजी पेपर हाच शब्द लिहितात. ‘मर्ज’ही सख्खा भाऊ. तेव्हा शब्दाच्या हिशेबाने बँकेचं ‘मर्जर’ म्हणजे बुडणंच. खातेदारांनी मनाला लावून घेऊ नये.

हे घराणं आपल्याला परकं नाही. संस्कृतातला ‘मज्ज्’ धातू आणि ‘मेर्गेरे’ यांचं मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. मग्न, निमग्न, मज्जन हे शब्द त्यातूनच आले. लॅटिनमध्ये बुडी मारणाऱ्या पक्ष्याला ‘मेर्गुस’ म्हणत, संस्कृतात ‘मद्गु’. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबालाला ब्रह्माचा चौथा पाद सांगणारा तो हाच मद्गु. त्याला पाणकावळा मानतात. अंबाझरीच्या काठावर सकाळी थोडा वेळ थांबलं की पाणकावळ्याची कसरत दिसते. एका जागी गडप होतो आणि भलत्याच जागी आधी चोच, मग मान, मग काळी पाठ असा वर येतो. ‘इमर्ज’मध्ये हे सगळं आहे: आधी खाली असणं, दिसेनासं होणं, मग अनपेक्षित जागी प्रकटणं.

यातला अनपेक्षितपणा ‘इमर्जन्सी’च्या वाट्याला आला. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत ‘इमर्जन्स’ आणि ‘इमर्जन्सी’ एकमेकांच्या जागी चालत. पुढे वाटणी झाली. आपल्याकडे त्यासाठी ‘आणीबाणी’ होताच, पण २५ जून १९७५च्या रात्रीनंतर त्याला एका विशिष्ट कालखंडाचं नाव चिकटलं. दवाखान्यात ‘आणीबाणी आहे’ असं कुणी म्हणत नाही, ते उगाच नाही.

वर येण्यातली आशा मात्र उशिरा पिकली. १८७५ साली इंग्रज विचारवंत जी. एच. लुईस यांनी ‘इमर्जंट’ला तत्त्वज्ञानात आणलं. घटकांच्या बेरजेतून सांगता न येणारा नवा गुण, असा त्यांचा अर्थ. पैशाच्या जगात तो आला १९८१मध्ये. जागतिक बँक समूहातल्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या आंत्वान व्हान आख्तमाल यांना ‘तिसऱ्या जगा’च्या शेअर्सचा फंड विकायचा होता. त्या नावाला कोण पैसे देणार? त्यांनी ‘इमर्जिंग मार्केट्स’ म्हटलं आणि गरीब देश एका विशेषणात होतकरू झाले. माझ्या मते गेल्या शतकातली ही सर्वांत यशस्वी पाटीबदल.

मराठीत याला ‘उदयोन्मुख’ म्हणतात. डॉ. रघुवीर नागपुरात बसून उपसर्ग, धातू आणि प्रत्यय जोडत इंग्रजी परिभाषेला भारतीय प्रतिशब्द घडवत होते. त्या रीतीने पाहिलं तर ‘उद्’ आणि ‘मज्ज्’ मिळून ‘उन्मज्जन’ हा नेमका प्रतिशब्द. तो भूगोलातल्या ‘उन्मग्न किनाऱ्या’पलीकडे गेला नाही. ‘उदयोन्मुख’मध्ये पाणी नाही, आकाश आहे. शिवाय तो फार लांबतो: पन्नाशीतले ‘उदयोन्मुख कवी’ आपण सगळ्यांनीच ऐकलेत. वाक्यागणिक मराठी वेगळी क्रियापदं वापरते. गुन्ह्याच्या बातमीत ‘तपासात निष्पन्न झालं’, घोटाळ्यात ‘उघडकीस आलं’, निवडणुकीत ‘सर्वांत मोठा पक्ष ठरला’. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘इमर्ज’ चालतो.

इंग्रजी लिहिताना आपली मुलं एक चूक हमखास करतात. ‘वॉज इमर्ज्ड’ असं लिहितात. हे क्रियापद अकर्मक आहे. ‘संघ विजेता म्हणून इमर्ज्ड’, मधे ‘वॉज’ नको. ‘इमर्ज आउट’मधला ‘आउट’ही फुकटचा, कारण ‘बाहेर’ शब्दाच्या पोटातच आहे.