होडीची इंधनटाकी बदलणे

मासेमारीच्या जुन्या, लहान इंजिनहोडीतील डिझेलची किंवा पेट्रोलची गंजलेली, गळकी टाकी काढून तिच्या जागी नवी बसविण्याचे काम. मराठवाड्याला समुद्र नाही. येथील मासेमारी मुख्यतः धरणांच्या पाण्यावर चालते : पैठणचा नाथसागर, सिंदफणेवरील माजलगाव, पूर्णेवरील येलदरी, पैनगंगेवरील इसापूर, नांदेडजवळील विष्णुपुरी. या पाण्यांवर वल्ह्याच्या होड्या आणि थर्माकोलचे तराफे भरपूर दिसतात. इंजिन लावलेल्या होड्या त्या मानाने कमी. पण १९७६ मध्ये लोकार्पण झालेला नाथसागर सुमारे ५५ किमी लांब आणि जास्तीत जास्त २७ किमी रुंद आहे. एवढ्या पाण्यावर जाळी उचलून बाजाराच्या वेळेआधी काठ गाठायचा, तर इंजिनाचा मोह होणारच. इंजिन आले की टाकी आली, आणि होडीत सर्वांत आधी म्हातारी होते ती टाकीच.

होड्यांत दोन प्रकार आढळतात. मागच्या फळीला टांगलेल्या पेट्रोल इंजिनाची टाकी बहुधा सुटी, प्लॅस्टिकची असते. तिची नळी काढली, इंधन ओढणारा रबरी फुगा तपासला, नवी टाकी जोडली की काम झाले. खरे काम दुसऱ्या प्रकारात आहे. तेथे होडीच्या पोटात शेतीपंपाच्या जातीचे डिझेल इंजिन असते आणि बसायच्या फळीखाली किंवा मागच्या कप्प्यात पत्र्याची टाकी ठोकून बसवलेली असते. पुढील विवेचन मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराचे आहे.

होडी दुरुस्त करणारा वेगळा मिस्त्री या भागात सहसा मिळत नाही. ट्रॅक्टर आणि पंपाची इंजिने खोलणारा मिस्त्रीच होडीलाही हात लावतो. इंजिनाबद्दल त्याची जाण पक्की असते, पण होडी आणि ट्रॅक्टर यांत एक मोठा फरक आहे. शेतात गळलेले डिझेल मातीत जिरते. होडीत गळलेले तळाशी साचून राहते. पेट्रोल असेल तर धोका आणखी वाढतो. त्याची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, त्यामुळे वाऱ्याने उडून न जाता ती फळ्यांखाली बसून राहते. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या किमान तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस आहे. म्हणजे मराठवाड्यातल्या कोणत्याही ऋतूत, कोणत्याही वेळी ही वाफ पेटायला तयार असते. डिझेल त्या मानाने सोशिक, पण तेही तळाच्या पाण्यावर तवंग धरते आणि ते पाणी उपसून टाकताना थेट धरणात जाते. नाथसागराचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि छत्रपती संभाजीनगर व जालना ही शहरे हेच पाणी पितात. म्हणून गळती ही होडीवाल्याची खाजगी बाब राहत नाही.

गोड्या पाण्यात पत्रा गंजत नाही, असा एक समज काठावर पक्का आहे. खाऱ्या पाण्याइतका तो लवकर गंजत नाही, एवढेच खरे. टाकीला खाणारे पाणी बहुतेक वेळा धरणातले नसतेच. ते टाकीच्या आतले असते. पंपाच्या इंजिनाच्या टाकीला जे झाकण येते त्याला हवेसाठी बारीक भोक असते. शेतात, छपराखाली ते चालते. उघड्या होडीत त्याच भोकातून पावसाचे थेंब आणि लाटांचे शिंतोडे आत उतरतात. त्यात अर्धवट भरलेली टाकी दिवसा तापते तेव्हा हवा बाहेर टाकते आणि रात्री गार होताना दमट हवा ओढून घेते. डिझेलपेक्षा जड असल्याने हे सगळे पाणी तळाशी जाते. पाणी आणि डिझेल जेथे भेटतात त्या थरात जिवाणू आणि बुरशी वाढतात, त्यांची काळी, बुळबुळीत साय फिल्टरमध्ये अडकते आणि त्यांच्या आम्लाने तळाचा पत्रा आतून पोखरला जातो. बाहेरून हीच करामत गोणपाट करते. टाकी हलू नये म्हणून तिच्याखाली गोणपाट घडी करून घालण्याची पद्धत आहे, आणि ते गोणपाट वर्षभर ओले राहते.

म्हणून टाकी तपासायची ती खालून. मे महिन्यात पाणी मागे सरते, होडी काठाच्या भेगाळलेल्या गाळावर बसते, तेव्हा वरचा रंग अगदी ठीक दिसत असतो. टाकीखाली हात घालून बोटे फिरवली की पापुद्रे निघतात, आणि बाहेर आलेली बोटे तांबूस आणि ओशट असतात. बोट लागले तेथे पत्रा किंचित दबला, तर त्या टाकीचा विचार सोडून द्यावा. गळणाऱ्या जागी धुण्याचा साबण घासून भोक बुजवण्याची युक्ती प्रत्येक मिस्त्रीला माहीत असते. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून ती चालतेही. पण ती काठ गाठण्यापुरती. एमसीलचे लिंपणही तसेच. एक भोक दिसते तेव्हा शेजारचा पत्रा कागदासारखा झालेला असतो, आणि ठिगळाला वेल्डिंग करताना तोच फाटतो.

या कामात जीव जाण्याची जागा हीच आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते, कारण पेटते ती वाफ, आणि रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा स्फोटाला हव्या त्या प्रमाणात एकत्र सापडतात. पेट्रोलच्या बाबतीत हवेत अवघी दीड ते साडेसात टक्के वाफ पुरते. डिझेलची जुनी टाकीही ‘डिझेलला काय होतं’ म्हणून वेल्डिंगला धरू नये. ठिणगीच्या उष्णतेने कडेला चिकटलेल्या थराची वाफ होते. वास येत नाही म्हणजे टाकी कोरडी झाली, असेही नाही. जुनी टाकी दुरुस्त न करता भंगारात द्यावी, आणि देण्याआधी साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुऊन, भोके पाडून मगच द्यावी. भोके पाडायची ती पाण्याने काठोकाठ भरून, हातोडी-छिन्नीने, ग्राइंडरने नव्हे.

काढण्याचे काम उघड्यावर, होडी काठावर घेऊन करावे. बॅटरी असेल तर तिची तार आधी सुटी करावी. बिडी-काडी आणि मोबाइल दूर ठेवावेत. उरलेले इंधन हातपंपाने काढताना डबा फळीवर न ठेवता जमिनीवर ठेवावा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा धोका कमी होतो. तळाचे शेवटचे लिटरभर काळे पाणी वेगळ्या डब्यात घ्यावे. ते ना धरणात ओतावे, ना काठाच्या गाळात. फायबरच्या काही जुन्या होड्यांत टाकी बसवून वरून डेक बंद केलेला असतो. तो कापल्याशिवाय ती निघत नाही. अशा वेळी जुनी टाकी रिकामी व स्वच्छ करून जागीच सोडावी आणि नवी लहान टाकी दुसरीकडे बसवावी. मात्र वजनाचा हिशेब धरावा. डिझेल लिटरला सुमारे ८४० ग्रॅम भरते, म्हणजे ४० लिटरचे जवळपास ३४ किलो. एवढे वजन नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, गेले तर होडी लाटेत नाक खुपसते. टाकी जितकी मध्याजवळ तितके बरे, कारण इंधन संपत जाईल तसा होडीचा तोल कमी बदलतो.

नव्या टाकीसाठी काय घ्यावे यावर काठावर बराच वाद असतो. पाण्याच्या टाकीचा जस्ताचा पत्रा कधीही वापरू नये. जस्त डिझेलमध्ये हळूहळू उतरते आणि इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलवर साचते. साधा काळा पत्रा चालतो, पण बाहेरून रंग आणि तळाला निचऱ्याचा कॉक (तोटी) हवाच. अॅल्युमिनियम हलके आणि टिकाऊ असते. त्याला पितळी कॉक थेट बसवला तर ओलाव्यात दोन धातूंच्या जोडणीपाशी अॅल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून मध्ये स्टेनलेसचा तुकडा घालतात. जाड पॉलिथिनची साच्यात ओतलेली टाकी गंजत नाही आणि लहान होडीला बहुतेक वेळा तीच योग्य. मात्र इंधन भरल्यावर ती शेकडा दोनएक टक्क्यांनी फुगते. चौकटीत घट्ट बसवली तर ती फाटते. सर्व बाजूंनी बोटभर मोकळी जागा सोडावी.

पेट्रोलवाल्यांनी आणखी एक बाब पाहावी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; त्यातले काही मराठवाड्यातल्याच साखर कारखान्यांतून येते. इथेनॉल पाणी ओढते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि इंजिन घोट घेते तो नेमका तळातून. जुन्या रबरी नळ्या आणि पॉलिएस्टर राळेच्या फायबर टाक्या या मिश्रणाला तग धरत नाहीत. टाकी बदलताना नळीही बदलणे येथे ऐच्छिक नाही.

बसविण्याआधी नव्या टाकीची परीक्षा साध्या पाण्याने होते. सगळी तोंडे बंद करून एका तोंडाला पारदर्शक नळी जोडावी, टाकी पाण्याने भरावी आणि नळी दोन मीटर उंच धरून तीतही पाणी भरावे. एवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब ०.२ बार, म्हणजे दर चौरस इंचाला सुमारे ३ पाउंड होतो आणि लहान टाकीला तेवढा पुरे. सांधे कोरडे पुसून खडू फिरवावा. जेथे ओल असेल तेथे खडू गडद होतो. कॉम्प्रेसरची हवा भरू नये, पातळ पत्रा त्याने उसवतो. परीक्षेनंतर टाकी उन्हात पूर्ण वाळवावी.

खाली गोणपाटाऐवजी इंधन सोसणाऱ्या रबराच्या पट्ट्या अंतरा-अंतराने ठेवाव्यात, म्हणजे हवा खेळते. टायरच्या ट्यूबचे रबर डिझेलने फुगून मऊ पडते, ते नको. घेणारी नळी तळापासून दीड-दोन सेंमी वर संपावी. नोझलकडून परत येणाऱ्या डिझेलची नळी तिच्यापासून दूर उतरावी. भोकाचे झाकण काढून वायसरचे झाकण लावावे आणि हवेसाठी किमान ११ मिमी आतल्या व्यासाची नळी उंच नेऊन, बगळ्याच्या मानेसारखी खाली वळवून, तोंडाला बारीक जाळी बसवावी. या नळीची काटकसर केली तर टाकीत पोकळी धरते, डिझेल येईनासे होते आणि भर पाण्यात इंजिन बंद पडते. मग सगळे जण नोझल खोलत बसतात. टाकी काठोकाठ भरू नये. शेकडा पाच भाग मोकळा सोडावा.

डिझेल भरल्यावर फिल्टरचा आणि इंधनपंपाचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत हवा काढतात. इंजिन काठाला बांधूनच तासभर चालवावे, मग प्रत्येक सांध्याखाली कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून रात्र जाऊ द्यावी. सकाळी कागदावर ओशट डाग नसेल तर होडी खोल पाण्यात न्यावी, आणि पहिल्या महिन्यात दर आठवड्याला निचऱ्याचा कॉक उघडून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घेऊन त्याच्या तळाशी पाणी बसते का, ते पाहावे.