पडद्यावरचं अंतर म्हणजे वेळ

इंदूरला रामबागेत आत्याच्या घरी अजून 21 इंची डबा टीव्ही आहे आणि तो रोज चालतो. गणपतीच्या आधी घराला रंग दिला, तेव्हा हा टीव्ही पूर्वेच्या भिंतीवरून उत्तरेच्या भिंतीला गेला आणि आतेभावाचे दोन मोठे स्पीकर त्याला चिकटून बसले. दुसऱ्याच दिवशी आत्याचा फोन आला. "अरे, बातम्या सांगणाऱ्या बाईचा अर्धा चेहरा हिरवा दिसतोय. गल्लीतला मुलगा म्हणतो, पिक्चर ट्यूब गेली, आता भंगारात द्या."

मी तिला एकच प्रश्न विचारला. "आत्या, बाई सरकली की हिरवा डाग तिच्याबरोबर सरकतो का?"

"नाही रे. डाग उजव्या कोपऱ्यातच आहे. ती तिथून बाजूला झाली की चेहरा नीट दिसतो."

ट्यूब शाबूत असणार, हे तिथेच जवळपास ठरलं. ते कसं ठरलं, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. चांगला सेट नुसत्या अंदाजानं भंगारात जातो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

डबा टीव्हीत चित्र एकदम उमटत नाही. ट्यूबच्या मानेतून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत ते ओळीओळीनं काढतो. शेतात नांगर चालतो तसाच, फक्त प्रत्येक ओळ संपली की हा नांगर रिकामा परत डावीकडे येतो आणि पुढची ओळ धरतो. आपल्याकडच्या पॅल या टीव्ही प्रक्षेपण पद्धतीत एका चित्राच्या 625 ओळी आणि सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे सेकंदाला 15,625 ओळी. टीव्ही चालू असला की लहान मुलांना शेजारच्या खोलीतूनही एक बारीक शीळ ऐकू यायची, ती याच 15,625 हर्ट्झची. वय वाढलं की कानाला ती ऐकू येईनाशी होते. एका ओळीच्या वाट्याला 64 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे 64 दहालाखावे भाग येतात. त्यातले 52 चित्र काढायला, उरलेले 12 परतीला. वरून खाली एक फेरी 20 मिलिसेकंदांची असते. एका फेरीत एकाआड एक ओळी काढल्या जातात, आणि मधल्या राहिलेल्या पुढच्या फेरीत.

म्हणून या पडद्यावर अंतर म्हणजे वेळ. आडवं अंतर मायक्रोसेकंदांत मोजायचं, उभं मिलिसेकंदांत. बिघाडाचा आकार पाहिला की तो केवढ्या वेळाचा आहे हे कळतं, आणि वेळ कळला की सेटच्या कुठल्या भागाकडे बोट दाखवायचं हेही कळतं.

गच्चीवर अँटेना होते त्या काळातली सावली घ्या. प्रत्येक माणसाच्या उजव्या बाजूला त्याचीच एक फिकट प्रत दिसायची. 21 इंची पडद्याची रुंदी सुमारे 40 सेंटिमीटर आणि ती झोत 52 मायक्रोसेकंदांत ओलांडतो, म्हणजे एका मायक्रोसेकंदात जेमतेम 8 मिलिमीटर. तेवढ्याच वेळात रेडिओलहर 300 मीटर जाते. सावली दीड सेंटिमीटर सरकलेली असेल, तर थेट आलेल्या लहरीमागून उशिरा पोहोचलेली दुसरी लहर सुमारे 600 मीटर जास्त फिरून आली आहे. ती आपल्या पाठीमागच्या एखाद्या इमारतीवर आपटून आली असेल, तर ती इमारत 300 मीटरांवर शोधायची, कारण जाण्यायेण्याचं अंतर दुप्पट होतं. शाळेच्या पट्टीनं पडद्यावर सावली मोजून मी पहिल्यांदा हे गणित केलं, तेव्हा आपल्या गच्चीवर रडार बसवल्यासारखं वाटलं होतं. अशा सावलीला सेट उघडून उपयोग नसतो. अँटेना थोडा फिरवला की काम होतं.

आता उभ्या दिशेकडे या. पडद्यावर एक रुंद, फिकट-काळपट आडवा पट्टा हळूहळू वर किंवा खाली सरकत असेल, तर तो घरातल्या विजेचा आहे. आपली वीज 50 हर्ट्झची आणि पडद्याच्या फेऱ्याही सेकंदाला 50, दोन्ही जवळजवळ सारख्या. त्यांच्यातला किंचित फरक पट्ट्याच्या सरकण्यातून दिसतो. एकच पट्टा असेल तर खरखर 50 हर्ट्झची. दोन असतील तर 100 हर्ट्झची, आणि मग सेटच्या पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर सुकलेला असण्याची शक्यता जास्त. मेकॅनिकला "चित्र खराब येतं" असं सांगण्यापेक्षा "दोन पट्टे वर चढतात" असं सांगा, त्याचा अर्धा तास वाचतो.

आवाज व्यवस्थित आहे पण पडद्यावर नुसती एक झगझगीत आडवी रेघ आहे, असं झालं तर झोत डावीकडून उजवीकडे पळतो आहे आणि खाली उतरायचं मात्र विसरला आहे. बिघाड उभ्या हालचालीच्या भागात आहे. बहुतेक वेळा व्हर्टिकलचा आयसी किंवा त्याच्या पायाचं सुटलेलं सोल्डरिंग. असा सेट लगेच बंद करावा. सगळी ऊर्जा एकाच रेघेवर पडून तिथलं फॉस्फर, म्हणजे पडद्याच्या आतला चमकणारा लेप, कायमचं जळतं.

दृश्य उजळलं की चित्र फुगतं आणि धूसर होतं, हा दोष लोकांना चकवतो. इथे वाढली आहे ती झोताची वाक. रंगीत ट्यूबमध्ये पडद्याकडचा विजेचा दाब सुमारे 25,000 व्होल्ट असतो, आणि त्यानं इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे 30 टक्के वेगानं धावतात. उजळ दृश्याला जास्त इलेक्ट्रॉन लागतात. तो भार न पेलून दाब पडला की इलेक्ट्रॉन मंदावतात, आणि मंद इलेक्ट्रॉनाला झोत वळवणारी कॉइल जास्त वाकवते. चित्र कडेबाहेर जातं. हा पुरवठा ज्या ट्रान्सफॉर्मरमधून होतो त्याला दुकानात कुणी ईएचटी म्हणतं, कुणी एलओटी.

हे 25,000 व्होल्ट म्हणजे थट्टा नाही. टीव्ही बंद करून प्लग काढला तरी ट्यूबची काच कपॅसिटरसारखी काम करते आणि विद्युतभार धरून ठेवते. मागचं झाकण घरी उघडू नका. मी जे सांगतो आहे ते सगळं पडद्यासमोर बसून, डोळ्यांनी करायचं आहे.

पावसाळ्यातला एक बिघाड आपल्याकडे फार होतो. सकाळी टीव्ही लावला की चित्र धुक्यातल्यासारखं, अक्षरं वाचता येत नाहीत, आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप स्वच्छ. लोक म्हणतात, ट्यूब म्हातारी झाली. पण ट्यूबच्या मानेवर जो सॉकेट बसतो, त्यातून फोकससाठी काही हजार व्होल्ट जातात. त्यात ओल धरली किंवा गंज चढला की तो दाब गळतो, झोत बारीक राहत नाही, आणि सेट तापून ओल सुकली की फोकस परत येतो. सॉकेट स्वस्त भाग आहे. दमलेल्या ट्यूबची लक्षणं वेगळी. तिचं चित्र मंद असतं, उजळ भाग पसरट चंदेरी दिसतात, आणि ते ऋतू पाहत नाही.

आता आत्याचा हिरवा डाग. सिग्नलमध्ये दोष असता तर तो चित्राबरोबर हलला असता, किंवा पट्टा, रेघ, सावली असा वेळेचा आकार घेऊन आला असता. हा डाग जागचा हलत नव्हता, म्हणजे दोष पडद्याच्या त्या जागेतच होता. 1982 मध्ये आशियाई खेळांच्या निमित्तानं आपल्याकडे रंगीत टीव्ही आला आणि त्याच्याबरोबर हा दोषही आला. कृष्णधवल सेटजवळ चुंबक नेला तर चित्र वाकायचं, पण रंगाचा डाग पडायला तिथे रंगच नव्हता. रंगीत ट्यूबमध्ये तीन झोत असतात आणि पडद्याच्या आतल्या बाजूला लाल, हिरव्या, निळ्या फॉस्फरच्या बारीक पट्ट्या. मध्ये भोकं पाडलेला पातळ धातूचा पत्रा असतो, शॅडो मास्क. तिन्ही झोत एकाच भोकातून जातात, पण किंचित वेगळ्या कोनातून, म्हणून प्रत्येकाला आपापलीच पट्टी सापडते. ही पट्टी मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच. कोन जरा चुकला की लालचा झोत हिरव्या पट्टीवर पडतो.

कोन चुकवायला पृथ्वीचं चुंबकक्षेत्रही पुरतं. आपल्या भागात ते सुमारे 45 मायक्रोटेस्ला (चुंबकक्षेत्र मोजायचं एकक), फार क्षीण, तरी झोताला काटकोनात लागलेल्या क्षेत्रात 30 सेंटिमीटर जाताना झोत तीनचार मिलिमीटर ढळतो. मास्कच्या लोखंडाला थोडं चुंबकत्व चिकटतं, टीव्हीची दिशा बदलली की ते जुन्या दिशेचंच राहतं. आत्याकडे तर भिंतही बदलली होती आणि स्पीकरचे मोठे चुंबक शेजारी येऊन बसले होते.

यावरचा उपाय सेटमध्येच बसवलेला असतो. ट्यूबभोवती डीगॉसिंग कॉइल असते. टीव्ही लावताना येणारा 'थम्म' हा तिचाच आवाज. तिच्यात उलटसुलट प्रवाह जोरात सुरू होतो आणि हळूहळू विझतो, त्याबरोबर मास्कचं चुंबकत्वही विझत जातं. प्रवाह विझवणारा पॉझिस्टर नावाचा भाग तापून काम करतो, म्हणून तो थंड झाल्याशिवाय दुसरा 'थम्म' मिळत नाही. शिवाय अनेक सेटमध्ये रिमोटनं बंद केलं तर कॉइलचा नंबरच लागत नाही, मुख्य बटणच बंद करावं लागतं. आत्या कित्येक महिने फक्त रिमोट वापरत होती.

आत्याकडे जाऊन आधी स्पीकर दोन हात लांब नेले. बटण बंद करून अर्धा तास थांबलो, मग लावला. थम्म. डाग फिका झाला. आणखी दोनदा तसंच केलं, तरी उजव्या कोपऱ्यात पिस्त्याच्या रंगाची झाक राहिली. तेव्हा जेल रोडवरच्या एका जुन्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं ताटाएवढी कॉइल आणली होती. चालू पडद्यासमोर त्यानं ती गोल गोल फिरवली, सारे रंग इंद्रधनुष्यासारखे घुसळले, आणि मग तशीच फिरवत फिरवत तो एकेक पाऊल मागे गेला, पार दारापर्यंत. तिथे पोहोचल्यावरच त्यानं कॉइलचं बटण सोडलं. पडद्याजवळ सोडलं असतं तर शेवटच्या क्षणाचं चुंबकत्व मास्कमध्ये तसंच राहिलं असतं.