नारळ फोडला आणि अपघात थांबले

वळणावर लागोपाठ तीन-चार अपघात झाले की कुणीतरी नारळ फोडतं, बाजूच्या झाडाला लिंबू-मिरची लटकते. गंमत म्हणजे पुढच्या वर्षी तिथले अपघात बऱ्याचदा खरोखरच कमी होतात!

घरी करून बघा. लुडोचा फासा 60 वेळा टाका आणि दर वेळी पडलेलं दान कागदावर मांडा. साधारण दहा वेळा सहा पडेल. त्या दहा नोंदींपुढे एकेक लिंबू ठेवा आणि तेवढ्याच दहा वेळा फासा पुन्हा टाका. आता सरासरी सहा येणार नाही, साडेतीनच्या आसपास येईल. म्हणजे जवळपास 42 टक्के घट! लिंबानं काय केलं? काही नाही. आपण निवडतानाच सगळे सहा निवडले होते.

अपघातप्रवण चौकाचंही तसंच. तो यादीत येतो बहुधा वाईट वर्षानंतरच. पुढचं वर्ष एरवीही जरा बरं गेलं असतं, मग नारळ फोडा नाहीतर सर्कल बांधा. ‘सर्कल झालं आणि अपघात निम्मे झाले’ हे उद्घाटनाच्या भाषणातलं वाक्य म्हणूनच मला नारळाच्या पंगतीतलं वाटतं.

यावर संख्याशास्त्रज्ञांचा तोडगा आहे, एम्पिरिकल बेझ. समजा, चौकात 12 अपघात झाले, पण तेवढ्याच रहदारीच्या इतर चौकांची सरासरी 4 आहे. खरा धोका या दोहोंच्या मधे कुठेतरी. नोंदी भरपूर असतील तर 12 कडे झुकणारा, तुटपुंज्या असतील तर 4 कडे. तो 7 निघाला आणि सर्कलनंतर 5 अपघात झाले, तर सर्कलचं श्रेय फक्त दोनाचं. वरचे पाच नशिबाच्या खात्यात.

रिचर्ड रेटिंग, भगवंत परसॉड या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सर्कल बांधलेल्या 24 चौकांना हीच चाळणी लावली. 2001 मध्ये निष्कर्ष आला: एकूण अपघात 38 टक्क्यांनी कमी, माणसं जखमी होणारे तब्बल 76 टक्क्यांनी. दुसरा आकडा दुप्पट, कारण सर्कलमध्ये गाड्या घासतात, पण काटकोनातली आडवी धडक जवळपास संपते. शिवाय वेग 60 वरून 30 वर आला की धडकेची ऊर्जा पाव होते.

हे झालं चारचाकीवाल्यांचं. बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये 91 सर्कलं तपासली, तेव्हा सायकलस्वार जखमी होण्याचे अपघात 27 टक्क्यांनी वाढलेले निघाले.